लक्ष्मीच्या चौकटीतील स्त्री

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यात गेले की भिंतीवर लक्ष्मीची तसबीर हमखास दिसते. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, मागे तळे, बाजूला हत्ती. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, तेव्हा एक माळ ह्या तसबिरीच्याही वाट्याला येते. लक्ष्मीचे हे रूप पुराणकाळापासून असेच चालत आले आहे, अशी सर्वसामान्य समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे.

हे रूप राजा रविवर्मा यांनी १८९६ च्या सुमारास रंगविले, आणि ते घराघरांत पोचविले त्यांच्या छापखान्याने. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना १८९९ मध्ये मळवलीला हलला. पुणे-लोणावळा लोकल चिंचवड, देहूरोड, तळेगाव मागे टाकून कार्ल्याच्या लेण्यांजवळ पोचते, तेच हे मळवली. तेथे जर्मन यंत्रांवर, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून, देवादिकांची चित्रे छापली जात. १९७२ मध्ये आगीने छापखाना उद्ध्वस्त झाला. चित्रे मात्र टिकली. ज्यांना देवळाचा उंबरठा बंद होता, त्यांच्याही घरी ह्या स्वस्त चित्रांमुळे देव आला, हे ह्या यंत्राचे मोठेच ऋण होय. परंतु ह्या देवींना चेहरा आणि बांधा मिळाला तो चित्रकाराने समोर बसविलेल्या जित्याजागत्या स्त्रियांचा, हे पुढे विस्मरणात गेले.

बंगलोरच्या कलावती पुष्पमाला एन. यांनी नेमके हेच स्मरण करून दिले. ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालेत त्या स्वतःच रविवर्म्यांची लक्ष्मी झाल्या. तोच वेश, तीच ठेवण. चेहरा मात्र स्वतःचा. त्याच मालेत वसाहतकाळी मोजमापासाठी चौकटींच्या पडद्यापुढे उभी केलेली आदिवासी स्त्रीही त्याच झाल्या, आणि वृत्तपत्रातील छायाचित्रात दिसणारी अटकेतील स्त्रीही. देवी, ‘नमुना’ आणि आरोपी ही तिन्ही रूपे एकाच देहावर चढविता येतात, एवढेच त्या दाखवितात.

ही देवाची थट्टा नव्हे काय, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. ज्या चित्रापुढे आजी रोज निरांजन ओवाळते, त्याच्याशी कोणी खेळ करावा, हे भाविकाला रुचणार नाही. त्या भावनेला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परंतु माणसाने देवाचे सोंग घेणे ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातील दशावतारात गावचाच माणूस विष्णू होतो. रविवर्म्यांच्या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये आपली मुलगी मंदाकिनी हिला श्रीकृष्ण केले. चित्रपटाच्या आरंभी ती प्रथम साधी मुलगी म्हणून चेहऱ्यावरचे भाव दाखविते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. देवत्वामागचा मानवी चेहरा दाखविल्याने तेथे भक्ती उणावत नाही.

खरा प्रश्न भक्तीचा नसून दृष्टीचा आहे. नवी सून माप ओलांडून घरात येते, तेव्हा ‘लक्ष्मी आली’ असे सारेच म्हणतात. तीच पहाटे उठून, डबे भरून, पहिल्या पाळीला कारखान्याची बस गाठते; सुटे भाग जोडून संध्याकाळी परतते आणि पुन्हा चुलीपुढे उभी राहते. तिच्या पगाराचा हिशेब घरात होतो, श्रमाचा होत नाही. लक्ष्मी म्हणून तिला चौकटीत बसविणे सोपे. माणूस म्हणून तिचे म्हणणे ऐकणे अवघड.

पुष्पमालांची छायाचित्रे अस्वस्थ करतात ती ह्याचसाठी. त्यांतील लक्ष्मी वर देण्यापुरती उभी नाही. ती समोरच्याकडे पाहते आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला तसबिरीपुढे हात जोडताना, त्याच घरात दिवसभर राबणाऱ्या लक्ष्मीकडेही कोणी तसेच मान वर करून पाहिले, तर पूजेत काही उणे पडणार नाही.