रिव्हर्स धरत नाही? गिअरबॉक्स खोलायच्या आधी एवढं बघा



१ ऑगस्टला बंदी उठते आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत जेटीवर एक तक्रार हमखास कानावर येते. "पुढे जाते, पण रिव्हर्स धरत नाही." दोन महिने बोट उभी, डिझेल भरलेलं, बर्फ घेतलेला, झारखंड-ओडिशाहून खलाशी येऊन बसलेले आणि सुंगटांचा जोर तर तेवढ्याच दिवसांचा. अशा घाईत मालक ज्याला फोन लागेल त्या मेकॅनिकला बोलावतो. तो हँडल दोनदा मागेपुढे करून बघतो आणि म्हणतो, प्लेटा गेल्या, खोलावं लागेल. गिअरबॉक्स एकदा बाहेर निघाला की आठवडा तरी गेलाच, कधी पंधरा दिवस. मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाचा गिअरबॉक्स असाच खोलला. आतल्या प्लेटा चांगल्या निघाल्या. दोष केबलीत होता. मजुरी गेली ती गेली, सुंगटांच्या दोन फेऱ्या गेल्या त्या कोण भरून देणार?

दुसरे काही तांडेल उलट टोकाचे. पुढे जाते ना, मग मारूया एक फेरी, परत आल्यावर बघू, असं म्हणून निघतात. गाडीला ब्रेक असतो. बोटीला रिव्हर्स हाच ब्रेक. मालीम असो की कुटबण, संध्याकाळी जेटीवर बोटीला बोट लागलेली असते. त्यात माशांनी भरलेली बोट रिव्हर्सशिवाय आत आली तर दुसऱ्याची फळी फुटणार, आणि मध्ये कोणाचा हातपाय आला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. हे दोन्ही टाळता येण्यासारखं आहे.

आधी आत काय असतं ते समजून घेऊ. आपल्या पुष्कळ ट्रॉलरांवर इंजिन ट्रकच्या घराण्यातलं, त्यामुळे गिअरबॉक्सही ट्रकसारखाच असणार असं वाटतं. हाताने गिअर टाकायच्या ट्रकचा मेकॅनिक बोटीवर आला की तो "दाते तुटले असतील" म्हणतो ते यामुळेच. बोटीच्या हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, ते सरकवावे लागत नाहीत. आत दोन क्लच असतात, एक पुढे जायचा आणि एक मागे जायचा. प्रत्येकात एकाआड एक अशा स्टीलच्या आणि घर्षणाच्या प्लेटा. इंजिनाबरोबर फिरणारा ऑइल पंप प्रेशर तयार करतो. हँडल हलवलं की व्हॉल्व्ह ते प्रेशर एका क्लचच्या पिस्टनमागे सोडतो, पिस्टन प्लेटा दाबून धरतो आणि शाफ्ट फिरायला लागतो. न्यूट्रलला दोन्ही क्लच मोकळे. म्हणजे धरतं ते ऑइलचं प्रेशर, दाते नव्हेत.

याचा खरा भाऊ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रकचा गिअरबॉक्स, आणि त्यांच्या मेकॅनिककडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. टिपर आणि बसगाड्यांना ॲलिसन कंपनीचे सहा गिअरचे ऑटोमॅटिक येतात. त्यात पाच क्लच असतात, सी१ ते सी५, आणि कुठलाही गिअर पडायला त्यातले दोन लागतात. रिव्हर्सला सी३ आणि सी५. पहिल्या गिअरला सी१ आणि सी५. तिसऱ्याला सी१ आणि सी३, पाचव्याला सी२ आणि सी३. आता ट्रक रिव्हर्स जात नाही अशी तक्रार आली, तर जाणता मेकॅनिक पाना हातात घ्यायच्या आधी ट्रक पुढे चालवून बघतो. पहिला नीट पडतो पण तिसरा आणि पाचवा घसरतात, म्हणजे सी३ वर संशय. तिसरा, पाचवा चांगले आणि पहिला घसरतो, तर सी५. पुढचे सगळे गिअर चांगले असतील तर दोन्ही क्लच ठीक आहेत. मग व्हॉल्व्ह, वायरिंग, नाहीतर कंट्रोलरच रिव्हर्स देत नाही. इंजिन आयडलवर नसेल तरी तो देत नाही. काय चालतंय ते बघून काय बिघडलंय ते ओळखायचं, ही ती पद्धत. (मासे नेणाऱ्या ज्या नव्या गाड्यांवर एएमटी लिहिलेलं असतं त्यांची जात वेगळी. आत साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करते. त्यांना हे क्लचचं गणित लावू नका.)

आपल्याकडे क्लच दोनच, म्हणून काम सोपं. दोघांना पंप एक, ऑइल एक, गाळणी एक. पुढे जाताना बोट पूर्ण जोराने धरत असेल तर पंप आणि गाळणी बहुधा ठीक आहेत, दोष रिव्हर्सच्या वाटेवर कुठेतरी आहे. पुढेही उशिरा धरते, जाळं ओढताना इंजिन पळतं पण बोट मागे पडते, असं असेल तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे. फक्त रिव्हर्सच्या मागे लागून तो सापडणार नाही.

तांडेलाला नीट विचारा. अजिबात धरत नाही, की उशिरा धरते, की धरून सुटते? थंड असताना चांगली आणि गरम झाल्यावर जाते का? की रिव्हर्स टाकताच इंजिनच बंद पडतं? इंजिन बंद पडत असेल तर क्लच उलट नको इतका चांगला धरतोय, पंख्यात दोरी किंवा जाळं अडकलंय का ते बघा. मांडवीत प्लास्टिक आणि फाटकी जाळी किती वाहतात ते तुम्हाला माहीत आहे.

तपासणी करताना बोट पुढून-मागून दोन्हीकडे दोरांनी घट्ट बांधा. एक माणूस वर, इंजिन बंद करायच्या दांडीवर हात ठेवून. खाली उतरणाऱ्याने लुंगी, गळ्यातला टॉवेल काढून ठेवायचा, शाफ्टजवळ हे चालत नाही. खलाशांना मराठी-कोकणी कळत नसेल तर हिंदीत समजावून सांगा, मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका.

पहिली केबल. गिअरबॉक्सच्या दांडीपासून केबल सोडवा, इंजिन आयडलवर ठेवा आणि दांडी हाताने रिव्हर्सकडे शेवटपर्यंत न्या. रिव्हर्स धरला तर गिअरबॉक्स चांगला आहे, दोष केबल किंवा वरच्या हँडलचा. दोन महिने पावसात आणि खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, तिचा नट ढिला होतो, कव्हर धरणारी क्लॅम्प सरकते. मग वर हँडल पूर्ण मागे दिसतं आणि खाली दांडी अर्ध्यावरच थांबलेली असते. दांडी अर्ध्यावर म्हणजे व्हॉल्व्ह अर्धा उघडा, प्रेशर अपुरं, प्लेटा घसरणार आणि जळणार. केबल तशीच ठेवून नव्या प्लेटा घातल्या तर त्याही जळतील. केबल लावताना हँडल न्यूट्रलला असेल तेव्हा दांडी बरोबर मध्ये हवी, आणि दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत गेली पाहिजे.

मग ऑइल. पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, आणि कुठलं ऑइल, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पुस्तक किंवा गिअरबॉक्सवरची पट्टी बघा, शेजारच्या बोटीवर काय घालतात ते बघू नका. काठीला आलेलं ऑइल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बहुतेक वेळा कूलरची नळी फुटून खारं पाणी आत येतं. काळं आणि जळका वास, तर प्लेटा जळल्यात. पितळेसारखी चमकणारी पूड दिसली तरी तेच. फेस असेल तर ऑइल जास्त भरलंय किंवा पंप कुठून तरी हवा ओढतोय. गाळणी साफ करून झाकण लावताना जुनी चपटी झालेली रबर रिंग तशीच बसवली, तर हवा तिथूनच जाते. दहा मिनिटांच्या कंटाळ्यापायी होणारा बिघाड आहे हा.

यानंतरही रिव्हर्स धरत नसेल तर प्रेशर मोजायचं. ज्याने प्रेशर मोजलं नाही त्याने "प्लेटा गेल्या" म्हटलं तर माझ्या मते तो अंदाज आहे, निदान नव्हे. केबिनमधल्या घड्याळावर विसंबू नका, अर्ध्या बोटींची ती घड्याळं मेलेली आहेत. गिअरबॉक्सवरच प्रेशर बघायचं भोक असतं, तिथे चांगलं गेज लावा. न्यूट्रल, पुढे आणि रिव्हर्स, तिन्हींचं प्रेशर आयडलला आणि थोडं रेस करून लिहून घ्या. एकदा थंड असताना, एकदा गरम झाल्यावर. रेस देताना दोर पुन्हा बघा.

आता वाचायचं कसं? पुढे आणि मागे दोन्हीकडे कमी, तर पंप, गाळणी किंवा प्रेशर व्हॉल्व्हची स्प्रिंग. पुढे बरोबर आणि रिव्हर्सला गेज खाली पडतं, तर रिव्हर्सच्या वाटेत ऑइल गळतंय: शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा, पिस्टनची रिंग, किंवा व्हॉल्व्ह झिजलाय. इथे खोलावं लागेल, पण काय शोधायला खोलतोय ते ठाऊक असेल. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर दोन्ही पडतात, तर कूलर चोंदलाय का, ऑइल पातळ आहे का ते आधी. दोन्हीकडे प्रेशर पूर्ण आणि तरी रिव्हर्स घसरतो, तेव्हा प्लेटांचं नाव घ्यायचं.

तेव्हासुद्धा एक गोष्ट आधी बघायची, कारण ती सगळ्यात धोक्याची आहे. बोट पुढे जाताना पंखा शाफ्टला गिअरबॉक्सकडे ढकलतो. रिव्हर्समध्ये तोच शाफ्ट बाहेर, मागे ओढला जातो. कपलिंगचे बोल्ट ढिले असतील किंवा चावी झिजली असेल, तर पुढे जाताना सगळं दाबून बसतं आणि काही कळत नाही; रिव्हर्स टाकला की कपलिंग शाफ्टवर मोकळं फिरतं. लोकांना वाटतं क्लच घसरला. आणखी जोर दिला तर शाफ्ट मागे सरकून पंखा सुकाणूवर आपटू शकतो, आणि शाफ्ट पुरता निघाला तर त्या भोकातून पाणी आत. तपासायला खडूचा तुकडा पुरतो. इंजिन बंद असताना कपलिंग आणि शाफ्ट यांच्यावरून एक सरळ रेघ ओढा, इंजिन चालू करून रिव्हर्स टाका, बंद करून बघा. रेघ तुटली तर कपलिंग घसरतंय. रेघ अखंड, शाफ्ट फिरतोय आणि तरी बोट दोराला ओढ देत नाही, तर खाली पंख्याकडे जा. पंख्याचंही असंच, पुढे जाताना तो शाफ्टवर घट्ट बसतो आणि रिव्हर्समध्ये नटाकडे ओढला जातो. नट सुटला असेल तर पंखाच जाईल.

समुद्रात असताना रिव्हर्स गेला तर? पुढचा क्लच चांगला असेल तर घरी येता येतं, पण जेटीवर थेट यायचं नाही. व्हीएचएफवर किंवा फोनवर आधीच कळवा, दुसरी बोट ओढायला येईल. बोट धोक्यात असेल तर चॅनल १६, तटरक्षक दलाचा नंबर १५५४. नदीत शिरल्यावर नांगर हाताशी, दोर मोकळा. थांबायचं ते पाण्याच्या ओढीकडे तोंड करून: ओहोटीला वर येताना पाणी समोरून येतं, इंजिन कमी केलं की बोट आपोआप थांबते. भरतीला पाणी मागून ढकलतं, तेव्हा मोकळ्या जागी बोट वळवून तोंड समुद्राकडे करायचं आणि मग नांगर टाकायचा. काही गिअरबॉक्सना पुढचा क्लच बोल्टने कायमचा आवळायची सोय असते. ती वापरली की न्यूट्रलही गेला. इंजिन सुरू झालं की बोट चालायला लागणार. तसं करून कुणी जेटीत शिरू नये.

आणि खोलावंच लागलं तर जुन्या प्लेटा मागून घ्या, स्वतः बघा. स्टीलची प्लेट निळी पडली असेल तर ती तापून गेलीय. दोन-चार प्लेटा बदलून भागवू नका, पूर्ण सेट आणि सगळ्या रिंगा नव्या. कूलर आणि पाइप धुतल्याशिवाय गिअरबॉक्स जोडू देऊ नका, जुन्या प्लेटांची पूड तिथेच बसलेली असते आणि तीच नव्या व्हॉल्व्हमध्ये जाते. मेकॅनिक निघायच्या आधी त्याच्यासमोर पुन्हा तिन्ही प्रेशर मोजा, बांधलेल्या बोटीवर रिव्हर्स लावून दोराला ओढ येते का बघा. पहिल्या फेरीनंतर ऑइल बदला आणि गाळणीत काय आलं ते पाहा. तांडेलांना एक विनंती, पुढून थेट मागे हँडल ओढू नका. न्यूट्रलला दोन-तीन सेकंद थांबवा, इंजिन आयडलला येऊ द्या. रिव्हर्सच्या प्लेटा त्या झटक्यानेच जातात.

प्रेशर गेज आणि जोडायचे दोन-तीन मापांचे निपल सोसायटीच्या कार्यालयात ठेवलेत. सभासदांना भाडं नाही. नेताना वहीत बोटीचा नंबर लिहा आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत आणून द्या, ऑगस्टमध्ये रांग असते.