धाम नदीतील मरळ मासा

वर्धा शहराला लागून पिपरी मेघे हे गाव आहे. तेथून थोड्या अंतरावर, पवनारजवळ, धाम नदी काळ्या खडकांतून वाहते. पावसाळ्यात दुथडी भरणारा तिचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतो. संथ, तापलेल्या डोहात प्राणवायू कमी पडतो. तरीही मरळ मासा तग धरतो, कारण तो पाण्यावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. त्या क्षणी उठणाऱ्या तरंगांवरून जाणता मासेमार त्याचा ठाव ओळखतो आणि बेडकाचे आमिष लावून गळ टाकतो. मात्र पिलांच्या थव्याभोवती मरळाची जोडी राखण करीत असेल, तर तो गळ आवरतो. रक्षणकर्ते गेले, की पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. गळ टाकण्याइतकेच तो आवरणे हेही मासेमाराचे कौशल्य होय.