प्रकल्प झाला, आता बोलायचं कसं? 🎤

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुलं लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर स्वतःच्या कृतिसंशोधन प्रकल्पाबद्दल मुलाखत देतात. तिथे पाठांतर उघडं पडतं. वर्गातल्या प्रकल्पाचंही तसंच आहे. म्हणून ही तयारी करून घ्या:

१. 'आदरणीय व्यासपीठ' नको, प्रश्नाने सुरुवात करा. 'मिठाच्या पाण्यात मटकीला मोड येतील का?' एवढ्यावर वर्ग कान टवकारतो.

२. भाषण पूर्ण लिहून देऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाचच शब्द: प्रश्न, अंदाज, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. वाक्यं मुलाची स्वतःची असू द्या, बोलीतली असली तरी चालतील.

३. फसलेला प्रयोग सांगायला लावा. 'पहिल्या वाटीत पाणी जास्त झालं, मटकी कुजली, मग मी पाणी मोजून घातलं.' प्रकल्प खरंच स्वतः केल्याची खूण इथेच दिसते.

४. 'खूप मोड आले' असं नको. '२० पैकी १७ दाण्यांना मोड आले' असं सांगायला शिकवा.

५. वेळ ३ मिनिटं. सावकाश बोललं तर त्यात साधारण ३०० शब्द मावतात. आधी आजीसमोर, मग बाकावरच्या मित्रासमोर, शेवटी वर्गासमोर सराव.

६. ऐकणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. उत्तर येत नसेल तर 'हे मी अजून तपासलेलं नाही' असं म्हणायला शिकवा. हे वाक्य धीटपणे म्हणणारं मूल मला सगळ्यात जास्त आवडतं. ❤️

तुमच्या वर्गात या आठवड्यात एकदा करून बघा!