गोरं करणारी क्रीम आणि मूत्रपिंड



लग्नसराई आली की गोरेपणाच्या क्रीमच्या डब्या फार खपतात. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, पोरी खूश होतात. पण हा उजाळा येतो कुठून, ते ऐका.

आपल्याच हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरच्या अकोल्यात एका घरातील आई व दोन मुली एकच स्थानिक क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडाला सूज आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात क्रीम तपासली, तर तिच्यात पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही हकिकत वर्तमानपत्रांत आली.

पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा गोरा दिसतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो व मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की प्रथिने लघवीवाटे जातात. लघवीला फेस येतो, पाय व डोळ्यांभोवती सूज चढते. कायद्याने अशा क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलेलाही दहा लाख भागांत १ भागापर्यंतच चालतो.

खताचं पोतं घेताना आपण शिक्का पाहतो, पावती मागतो. मग चेहऱ्याला लावायची डबी तशीच कशी घ्यायची? उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसेल, तर ती घेऊ नका. लावत असाल तर आजच बंद करा. सूज वाटली तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, लघवी तपासून घ्या. वेळीच थांबल्यास बरेच रोगी सुधारतात.

पोरगी सावळी असली तर काय बिघडलं? धडधाकट असली म्हणजे झालं.