दुष्काळातील बालकांचा आहार

म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरम ही वस्ती कुक्करहळ्ळी तलावाच्या परिसरात वसलेली आहे. तेथून काही किलोमीटर अंतरावर चेलुवांबा महाल आहे. राजकन्येसाठी बांधलेल्या या महालात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. १९४३ च्या बंगालमधील भीषण दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती आणि देशात धान्याची टंचाई होती. संस्थेचे पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन व त्यांचे सहकारी यांच्यापुढे एक प्रश्न होता : ज्या घरात दूध परवडत नाही, तेथील बालकाला प्रथिने कशातून द्यावीत?

उत्तर शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. तेल काढून घेतल्यावर उरणारी ही पेंड प्रायः गुरांच्या वाट्याला जात असे. स्वच्छ रीतीने तयार केलेल्या पेंडीच्या पिठाचे ७५ भाग आणि हरभऱ्याच्या पिठाचे २५ भाग एकत्र करून त्यांत जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळले गेले. हे 'बहुउद्देशीय अन्न' आमटीत किंवा भाकरीच्या पिठात थोडेसे मिसळले, तरी जेवणाचा कस वाढे. पुढे बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळाच्या काळात गहू व शेंगदाण्याचे पीठ यांवर आधारलेला 'बालाहार' पुढे आला. मात्र शेंगदाण्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, हे १९६० नंतर जगाला कळले. त्यामुळे स्वस्त अन्नालाही कठोर तपासणी आवश्यक ठरली.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लोकांना वाटलेली 'सुकडी' जुन्या पिढीच्या आजही स्मरणात आहे. परंतु त्या संकटात बालकांना वाचवण्याचे श्रेय केवळ सुकडीला देणे योग्य होणार नाही. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आईवडिलांच्या हाती मजुरी पडत होती, म्हणून घरातील चूल पेटत होती. कुपोषणाचा प्रतिबंध प्रथम तेथे होतो.

तथापि, भुकेल्या मुलाला जेऊ घालणे आणि उपासमारीने खंगलेल्या मुलावर उपचार करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुरेसे अन्न दीर्घकाळ न मिळाल्यास शरीर आपला सर्व व्यवहार आवरते घेते. हृदय, यकृत, मूत्रपिंड, आतडी यांचे कार्य मंदावते. पेशींतील पोटॅशियम घटते व सोडियम साचते. अशा मुलाला एकदम भरपूर अन्न दिल्यास हृदयावर असह्य ताण येतो. १९४५ साली जर्मनीतील बर्गन-बेल्सन छळछावणी मुक्त झाली, तेव्हा सैनिकांनी कळवळून आपली शिधासामग्री कैद्यांना दिली आणि त्या जड अन्नानेच अनेकांचा बळी घेतला. पुढे बंगालच्या दुष्काळात उपयोगी पडलेले तांदूळ व साखर यांचे मिश्रण तेथे देण्यात आले. पण ते वेगळ्या आहाराची सवय असलेल्या त्या माणसांना फारसे मानवले नाही. अन्न पौष्टिक असून भागत नाही, ते खाणाऱ्याच्या सवयीचेही असावे लागते.

म्हणूनच आजच्या उपचाराचा आरंभ संयमाने होतो. प्रथम मुलाला ऊब देतात, रक्तातील साखर घसरू देत नाहीत आणि जंतुसंसर्गावर औषध सुरू करतात. ताप नसला तरी संसर्ग असू शकतो, कारण ताप येण्याइतकी शक्तीही त्या शरीरात उरलेली नसते. पहिले काही दिवस १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी ऊर्जा देणारे सौम्य दुग्धमिश्रण दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजतात. रक्तक्षय दिसत असूनही लोह लगेच देत नाहीत. भूक परतून वजन वाढू लागल्यावर ते देतात.

पूर्वी या उपचारासाठी आईला सर्व कामे सोडून मुलासह आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागे. घरी राहिलेल्या इतर मुलांचे काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९९० च्या दशकात आंद्रे ब्रियांद या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाच्या प्रयत्नांतून शेंगदाणे, दूध भुकटी, तेल व साखर यांचा खाण्यास तयार असा लगदा पुढे आला. त्यात पाणी नसल्याने जंतू सहजी वाढत नाहीत. तो शिजवावाही लागत नाही. भूक शाबूत असलेल्या आणि अन्य गुंतागुंत नसलेल्या मुलांवर घरीच उपचार करता येतात, हे २००७ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीही मान्य केले. महाराष्ट्रात अंगणवाडीतील ग्राम बाल विकास केंद्रांची कल्पना याच विचाराशी जुळणारी आहे.

अशी मुले ओळखण्याचे साधन अगदी साधे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजतात. दोन्ही पावलांवर सूज असल्यास दंड कितीही भरला तरी धोका गंभीरच असतो. अशी सुजलेली मुले वरवर गुटगुटीत दिसतात आणि नजरेतून निसटतात.

पूर, भूकंप किंवा युद्ध यांमुळे उभारलेल्या छावण्यांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. देणगीदार मोठ्या उत्साहाने दूध भुकटीचे डबे पाठवतात. पण गढूळ पाण्यात कालवलेले ते दूध अतिसाराला निमंत्रण देते. तेथे तान्ह्या बाळासाठी आईचे दूध हाच सर्वांत सुरक्षित आहार ठरतो. त्यासाठी त्या आईला पोटभर अन्न, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि बाळाला पाजता येईल असा आडोसा मिळावा लागतो.