जुन्या मोटारीतील पेडलांचे समायोजन
सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर न जाणवणारा क्लचचा दोष वाई-पाचगणी मार्गावरील पसरणीच्या घाटात उघड होतो. एंजिनाची गती वाढते. मोटारीची मात्र वाढत नाही. क्लचची तबकडी झिजते तसतशी दांडीने वा तारेने चालणाऱ्या पेडलाची मोकळी चाल घटते; ती संपली की पकड सैल होऊन तबकडी घसरते व तापते. म्हणून समायोजक नट फिरवून ही चाल निर्मात्याने सांगितल्याइतकी, बहुधा 20 ते 25 मिलिमीटर, ठेवावी. ती अधिक झाल्यास क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात.

तदनंतर, एंजिन बंद ठेवून, ॲक्सिलरेटर तपासावा. पेडल पूर्ण दाबता कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडावी व सोडताच पूर्ववत मिटावी. ती अडकून राहिल्यास घाटाच्या वळणावर प्राणावर बेतते.