शहर गेलं, क्लब राहिला : लाह्तीच्या रेइपासची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं की फुटबॉल क्लब नेमका कशाचा असतो? मैदानाचा, खेळाडूंचा, की गावाचा? प्रश्न साधा वाटतो, पण मला त्यावर एकदम फिनलंडमधला एक क्लब आठवला. त्याचं नाव रेइपास. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ तरतरीत, चपळ असा होतो. आज फिनलंडच्या सर्वोच्च श्रेणीत तुम्हाला हे नाव दिसणार नाही. तरीही मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

रेइपासची स्थापना झाली 1891 साली, वीपुरी नावाच्या शहरात. तेव्हा फिनलंड रशियन झारच्या अमलाखालचा स्वायत्त प्रांत होता. क्लब सुरू झाला तो व्यायामासाठी, जिम्नॅस्टिक्ससाठी. फुटबॉल मागाहून आला. त्या काळातल्या बऱ्याच युरोपीय क्लबांचं असंच आहे. वीपुरी हे मोठं व्यापारी बंदर. किल्ला, बाजार, आणि रस्त्यावर फिनिश, स्वीडिश, रशियन, जर्मन अशा चार भाषा कानावर पडायच्या. स्वतंत्र फिनलंडमध्ये ते हेलसिंकीखालोखालचं शहर मानलं जाई. वास्तुरचनाकार आल्वार आल्तो यांचं प्रसिद्ध ग्रंथालय 1935 साली तिथेच उभं राहिलं. आणि फुटबॉलमध्ये रेइपासला गावातच प्रतिस्पर्धी होता, सुदेत, म्हणजे ‘लांडगे’. हे लांडगे 1940 साली राष्ट्रीय विजेते झाले. आता हे साल लक्षात ठेवा. कारण त्या वर्षी वीपुरीच फिनलंडमध्ये राहिलं नव्हतं!

झालं असं. नोव्हेंबर 1939 मध्ये सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. साडेतीन महिने फिनिश सैन्य चिवटपणे लढलं, पण मार्च 1940 च्या तहात करेलियाचा मोठा भाग, वीपुरीसकट, द्यावा लागला. चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून पश्चिमेकडे निघाली. 1941 मध्ये फिनलंडने शहर परत जिंकलं, लोक परतले, पडक्या घरांची डागडुजी सुरू झाली. आणि जून 1944 मध्ये ते पुन्हा गेलं, ते कायमचं. आज ते रशियातलं व्हिबोर्ग आहे. म्हणजे बघा, एकाच पिढीने आपलं बिऱ्हाड दोनदा पाठीवर घेतलं.

माणसं गेली तशा संस्थाही गेल्या. सुदेतने हेलसिंकी गाठलं. रेइपास आला लाह्तीला. लाह्ती तोवर लहानसं, नवं गाव. त्याला शहराचा दर्जाच मुळी 1905 साली मिळालेला. पण हेलसिंकीच्या बाजूने सेंट पीटर्सबर्गकडे जाणारा 1870 चा लोहमार्ग लाह्तीवरून आणि वीपुरीवरूनही जायचा. एकाच रुळावरची ही दोन गावं, त्यामुळे पुष्कळ वीपुरीकर तिथे उतरले. वीपुरीतल्या संगीतप्रेमींच्या मंडळाचा वाद्यवृंदही तिथेच आला. आज जगभर नाव असलेल्या लाह्ती सिंफनीचं मूळ त्यात आहे.

पण संगीताला श्रोते कुठेही मिळतात. फुटबॉल क्लबचं तसं नाही हो. त्याच्या नावात गाव असतं. ‘वीपुरीचा रेइपास’ हे ‘लाह्तीचा रेइपास’ होणं म्हणजे नुसता पत्ता बदलणं नाही. ज्या मैदानाच्या आठवणी काढायच्या ते सरहद्दीपलीकडे, आणि समोर ओरडणाऱ्या पोरांना ते मैदान माहीतच नाही. तरी क्लब रुजला. 1963, 1967 आणि 1970 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली, आणि तीही लाह्तीत. फिनिश चषक तर सात वेळा, त्यातले पाच 1972 ते 1976 सलग. वीपुरीत जे जमलं नव्हतं ते निर्वासित क्लबने परक्या गावात करून दाखवलं. माझ्या मते तोवर ते गाव परकं राहिलंच नव्हतं.

मग गावातच नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला, कूस्युसी. गंमत म्हणजे बोली फिनिशमध्ये याचा अर्थ ‘सहा-नऊ’, म्हणजे 69, एवढाच. पण 1982 ते 1991 या काळात या सहा-नऊने पाच विजेतेपदं घेतली. मार्च 1986 मध्ये तर युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत बुखारेस्टला जाऊन स्तेआउआला 0-0 रोखलं. परतीचा सामना हेलसिंकीत, भर हिवाळ्यात. फिनलंडचा हंगामसुद्धा अजून सुरू व्हायचा होता. शेवटच्या मिनिटांपर्यंत गोल नाही, आणि मग एक गोल झाला, तो स्तेआउआचा. त्याच स्तेआउआने पुढे मे महिन्यात बार्सिलोनाला हरवून चषक उचलला.

रेइपासकडे त्या वर्षांत विजेतेपदं नव्हती, पण एक मुलगा होता. यारी लित्मानेन. वडील ओलावी रेइपासचे आणि देशाचे खेळाडू, आईही रेइपासकडूनच खेळलेली. 1987 साली, सोळाव्या वर्षी, तो मोठ्या संघात आला. पुढे आयाक्सबरोबर 1995 ची चॅम्पियन्स लीग जिंकली, तो सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. फिनलंडचा सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण, या प्रश्नावर तिथे फारसे वाद होत नाहीत.

आता अवघड भाग. 1990 च्या सुमारास सोव्हिएत बाजारपेठ कोसळली आणि फिनलंडमध्ये भयंकर मंदी आली. लाह्तीसारख्या कारखानदारी गावाला ती फार जाचली. एका मध्यम शहरात दोन मोठे क्लब पोसायचे कसे? 1996 साली रेइपास आणि कूस्युसी यांचे मुख्य संघ एकत्र करून एफसी लाह्ती काढण्यात आला. हिशेबाने बघितलं तर निर्णय शहाणपणाचा होता, नवा संघ 1999 मध्ये वरच्या श्रेणीत आलाही. पण मला नेहमी वाटतं, रणगाड्यांना जे साधलं नाही ते जमाखर्चाच्या वहीने केलं. ज्या दोघांनी आयुष्यभर एकमेकांना पाण्यात पाहिलं, त्यांच्या पाठीराख्यांनी एका घोषणेत सूर कसा मिळवायचा? रेइपासचं नाव पुढे मुलांच्या आणि खालच्या पातळीवरच्या फुटबॉलमध्ये उरलं.

लित्मानेन 2008 मध्ये परतला, तो एफसी लाह्तीत. त्या मोसमात संघ लीगमध्ये तिसरा आला. 2010 साली त्याचा पुतळा उभारला, तो किसापुइस्तोच्या मैदानापाशी, जिथे रेइपास खेळायचा.